परसबाग : घरची प्रयोगशाळा

ग्रामीण भागात घरामागील परसात दुधीचा वेल हमखास आढळतो. सांडपाण्यावर तो वाढतो, मांडवभर पसरतो, फुलांनी डवरतो. परंतु पुष्कळदा फळ मात्र धरत नाही. मग ‘वेल वांझ निघाला’ असे म्हणून तो उपटला जातो आणि ताटातील हक्काची भाजी नाहीशी होते. वस्तुतः थोडे कुतूहल दाखविल्यास कारणाचा शोध घरच्या घरी घेता येतो.

दुधीच्या वेलावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या तळाशी इवलासा दुधी दिसतो. नरफुलाला नुसता लांब देठ असतो. आरंभी बहुधा नरफुलेच अधिक येतात. ती गळणे स्वाभाविकच होय. मादीफुलापर्यंत पराग पोचले नाहीत, तर इवलासा दुधीही पिवळा पडून गळतो. ही पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि पतंगादी कीटक पराग वाहून नेतात.

याची परीक्षा घेणे सोपे आहे. दहा मादीफुले निवडावीत. पाचांच्या देठांना लाल व पाचांच्या देठांना पांढरा दोरा सैलसर बांधावा. लाल दोऱ्याचे फूल उमलताच त्यावर ताजे नरफूल हलकेच टेकवावे. उरलेली कीटकांवर सोपवावीत. आठवडाभर वहीत नोंद ठेवावी. लाल दोऱ्याचीच फळे वाढली, तर कीटक अपुरे पडत असल्याचा तो संकेत समजावा व फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे टाळावे. दोन्हीकडची फळे गळाली, तर पाणी, खत वा फळमाशी यांकडे लक्ष द्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे यातील मर्म आहे.

ब्रनो येथील मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर असेच चिकाटीने प्रयोग केले व १८६६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांतूनच आनुवंशिकतेचे नियम जगाला मिळाले. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या उपक्रमाद्वारे शेतकऱ्यांमध्ये हीच प्रयोगशील वृत्ती रुजविली.

शालेय परसबागेत शिक्षकांनी उत्तर सांगण्यापूर्वी मुलांच्या हाती दोरा व वही द्यावी. पंचायत सदस्यांनी पाणी आणि कुंपण यांची सोय करावी. त्यायोगे मुलांच्या ताटात भाजी येईल आणि ‘असे का?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर स्वतः शोधण्याची सवयही त्यांना लागेल.