मारिओतला पहिला शत्रू: गुम्बा

नव्वदच्या दशकात टीव्हीला कॅसेटवाला व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळलेल्या प्रत्येकाला तो तपकिरी, भुवया ताणलेला, तुरुतुरु चालणारा प्राणी आठवत असेल. त्याचं नाव गुम्बा. जपानी नाव कुरिबो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये 1985 साली आला. गंमत म्हणजे, गेममध्ये सगळ्यात आधी भेटणारा हा शत्रू बनवला मात्र अगदी शेवटी. आधी कासवासारखे कूपा होते. पण उडी मारायची, मग कवच लाथाडायचं, हे नवख्याला जड जात होतं. म्हणून एका उडीत चिरडला जाणारा सोपा शत्रू हवा होता.

तोवर कॅसेटमधली जागा संपत आली होती. म्हणून गुम्बाचं एकच चित्र काढलं आणि ते डावी-उजवीकडे उलटवत राहिले. तेच आपल्याला त्याचं चालणं वाटतं!

पहिली लेव्हल आठवा. गुम्बा उजवीकडून सरळ अंगावर येतो. धडकलात तर मेलात, डोक्यावर उडी मारलीत तर 100 गुण. लगेच पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतं, पाइपला आपटून आपल्याकडेच येतं. घाबरून उडी मारली तर डोकं वरच्या विटांना लागतं, मशरूम अंगावर येतं आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षरही न लिहिता शिकवलेला हा धडा!

माझ्या मते गेम-रचनेतला हा सर्वोत्तम शत्रू आहे. तुम्ही पहिल्यांदा खेळलात तेव्हा गुम्बाला चिरडलंत की त्याने तुम्हाला? कमेंटमध्ये नक्की सांगा.