समुद्रतळ वाचताना – भाग ६ : सपाट माथ्याचे डोंगर

बेंगळुरूच्या टोकाला, बोम्मसंद्राच्या कारखान्यांखालची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, हे कळायला तिथे कुणाला जावे लागत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरच्या रडारने ११ दिवसांत जगातली बहुतेक जमीन मोजली. त्यात बेंगळुरूचे हे टोकही आले. समुद्रतळाला ही सोय नाही. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरतात. तिथे जहाज न्यायचे आणि आवाज खाली सोडायचा.

हिशेब मागच्या भागात झालाच आहे : पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, जाऊन-येऊन ४ सेकंद, म्हणजे खोली ३ किलोमीटर. मल्टीबीम यंत्र अशा अनेक शलाका एकाच वेळी जहाजाच्या दोन्ही बाजूंना सोडते आणि तळाचा रुंद पट्टा मोजते.

नकाशा हाती आला की पहिला संशय घ्यायचा तो जहाजाचाच. पाण्याचे तापमान आणि खारेपणा थराथराला बदलतो, आवाज वाकतो. वेगाचा आकडा चुकला, तर सपाट तळाच्याही दोन्ही कडा नकाशात वर उचललेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात. म्हणून जहाजाच्या वाटेला अगदी समांतर धावणारी डोंगररांग दिसली, की आडवी फेरी मारल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

आता खरे डोंगर. अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात रमण, पणिक्कर आणि वाडिया अशी नावे दिलेले पर्वत आहेत. रमण म्हणजे पुढे बेंगळुरूत स्थायिक झालेले सी. व्ही. रमण, पणिक्कर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक, वाडिया भूवैज्ञानिक. यांतल्या वाडियाचा माथा कोकणातल्या सड्यासारखा सपाट आहे. अशा बुडालेल्या सपाट पर्वतांना ‘गुयो’ हे नाव हॅरी हेस यांनी १९४६ मध्ये दिले. दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ नौदलाच्या जहाजावर अधिकारी होते आणि प्रवासभर खोलीमापक चालू ठेवत! ज्वालामुखी पाण्याबाहेर येतो, लाटा त्याचे शिखर कापतात, मग खालचे कवच थंड होत खचते आणि डोंगर बुडतो, असा या आकाराचा प्रचलित अर्थ.

पण सपाट माथा दिसला की गुयो म्हणून मोकळे व्हायचे नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे आंग्रिया बँक हे पठार आहे. त्याचाही माथा सपाट, पण जेमतेम २०-२५ मीटर पाण्याखाली आणि त्यावर जिवंत प्रवाळ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा हे पठार उघडे पडले असणार. ते पाण्याखाली जायला जमीन खचण्याची गरज नव्हती, समुद्र वर चढला तेवढे पुरले.

आकडे खोली सांगतात, खडकाची जात सांगत नाहीत. त्यासाठी तळावर लोखंडी जाळे ओढून दगड वर आणावे लागतात. उतारावर बेसाल्ट, माथ्यावर लाटांनी घासलेले गोटे आणि उथळ पाण्यातले शिंपले मिळाले, तर गुयोचा दावा पक्का होतो. माथ्याला छिद्र पाडून पाहिल्यावर खोलवर प्रवाळाचा चुनखडकच लागत गेला, तर तो माथा लाटांनी कापलेला नव्हे, प्रवाळाने रचलेला ठरतो.

(पुढील भागात : पाण्याखालच्या दरडींचे मार्ग)