‘बोर्ड गेला’ या निकालाची तीस वर्षे

भोसरी, चिंचवड, तळवडे ते चाकण या पट्ट्यात प्रेस किंवा सीएनसी मशीन बंद पडलं की ब्रेकडाऊन स्लिप भरली जाते, वेळ नोंदवली जाते, मेंटेनन्सचा माणूस धावत येतो आणि मग व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस होतं. फ्यूज उडाला एवढ्यावर कुणी समाधान मानत नाही. लोड का वाढला, बेअरिंग का अडकलं, वंगण का पोचलं नाही, इथवर जावंच लागतं. मोठ्या वाहन कंपन्यांनी पुरवठादारांकडून ही शिस्त करवून घेतली आणि आज लहान शेडमध्येही तिचे तक्ते भिंतीवर लागलेले असतात. त्याच शेडच्या केबिनमधला डेस्कटॉप मात्र या शिस्तीबाहेर राहिला. तो सुरू झाला नाही की फोन जातो, दुरुस्तीवाला येतो, ‘बोर्ड गेला’ असा निकाल लागतो आणि नवा बोर्ड किंवा नवा संगणक येतो. मागची तीस वर्षं पाहिली तर डेस्कटॉप बंद पडण्याची कारणं टप्प्याटप्प्यानं बदलत गेली. निकाल तेवढा तोच राहिला. ज्या पट्ट्याला बिघाड शोधण्याची रीत सर्वांत चांगली ठाऊक आहे, त्यानंच ती संगणकाला लावली नाही, हे मला खटकतं.

नव्वदच्या दशकात लघुउद्योगांत शिरलेले संगणक बरेचसे असेंबल्ड असायचे. तेव्हाच्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटचं बटण थेट वीज तोडायचं आणि जोडायचं, त्यामुळे वीज पोचते की नाही हा प्रश्न चटकन सुटायचा. 1995 मध्ये इंटेलनं एटीएक्स रचना आणली आणि निदानाचं गणितच बदललं. आता बटण वीज जोडत नाही, बोर्डाला फक्त इशारा देतं; संगणक बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू ठेवतो आणि बोर्डाच्या सांगण्यावरून बाकीचे पुरवठे सुरू करतो. म्हणजे बटण दाबून काहीच झालं नाही तर दोष बटणात असेल, त्याच्या वायरीत असेल, एसएमपीएसमध्ये असेल किंवा बोर्डात. चार संशयितांपैकी सर्वांत महाग तोच गुन्हेगार ठरवण्याची सवय इथूनच लागली असावी. 2000 मध्ये पेंटियम 4 आला तेव्हा प्रोसेसरसाठी 12 व्होल्टचा चार पिनांचा वेगळा प्लग आला. तो लावायचा राहिला तर पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काजळी धरली तरी लक्षण साधारण तसंच, फक्त बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बीप ऐकू येतात. फाउंड्रीची धूळ आणि मशीन शॉपमधला कूलंटचा ओलावा असलेल्या या भागात रॅम काढून खोडरबरानं पुसणं हा पहिला उपाय असायला हवा. 26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच विषाणूनं आशियातल्या असंख्य संगणकांचा डेटा पुसला, काहींच्या बायोस चिपवरच मजकूर फिरवला. त्या संगणकांचा बोर्ड खरोखरच मेल्यासारखा दिसत होता; गेला होता तो चिपमधला प्रोग्राम.

सर्वांत बोलकं उदाहरण त्यानंतरच्या वर्षांतलं आहे. महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झालं होतं. 2006 मध्ये उद्योगांनी स्वतःची जनित्रं चालवून वाचलेली वीज शहराला द्यायची, या ‘पुणे मॉडेल’मुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची त्यातून बरीच सुटका झाली. अशा काळात बोर्ड जळाला की ‘लाइटमुळे गेला’ हे उत्तर तयारच असायचं. पण जगभर याच सुमारास सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर फुगत, फुटत होते. जिथं भारनियमनाचं नावही नव्हतं त्या देशांतही बोर्ड धडाधड बंद पडत होते. डेल कंपनीनं ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठी 2005 मध्ये सुमारे 30 कोटी डॉलरची तरतूद केली. वीज निर्दोष होती असं नव्हे. मात्र झाकण उघडून प्रोसेसरभोवतीच्या नळकांड्यांची डोकी फुगली आहेत का, हे पाहायला टॉर्च पुरली असती, आणि काही रुपयांचे कपॅसिटर बदलून अनेक बोर्ड वाचले असते. सोयीचं कारण हाताशी असलं की खऱ्या कारणाचा शोध थांबतो. व्हाय-व्हाय नेमकं याचसाठी असतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. माहिती तंत्रज्ञान कराराखाली भारतानं 2005 पर्यंत बहुतेक संगणकीय वस्तूंवरचं आयातशुल्क शून्यावर आणलं, सुटे भाग स्वस्त झाले. मग तासभर दोष शोधण्यापेक्षा भाग बदलणं परवडतं, असं म्हणतात. यात तथ्य आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, 1 एप्रिल 2018 पासून 50 हजारांवरच्या आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू लागलं. डिस्पॅचचा संगणक बंद म्हणजे भरलेला ट्रक गेटवर उभा. तिथं कुणी तात्त्विक चर्चा करू नये, खुशाल दुसरा संगणक लावावा. पण प्रेस बंद पडली तरी आधी पर्यायी मशीनवर काम वळवतात आणि नंतर कारण शोधतातच. शिवाय बदलणं नेहमी स्वस्त नसतं. जुन्या सीएनसीला आरएस-232 केबलवरून प्रोग्राम पाठवणारा डेस्कटॉप विंडोज एक्सपीवर चालत असेल, तर नव्या बोर्डावर तो सीरियल पोर्ट बहुधा नसतो, जुना ड्रायव्हर बसत नाही, आणि वाचलेला तास कित्येक दिवसांनी वसूल होतो.

दुसरा आक्षेप असा, की आता बिघाड हार्डवेअरचे राहिलेच नाहीत. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक ठप्प झाले, हे खरं. तरीही त्या दिवशी अनेक ठिकाणी उपाय झाला तो माणसाच्या हातानं, एकेका यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून. कुठल्या पायरीवर अडलं आहे हे ओळखणारा माणूस तेव्हाही लागलाच.

ती ओळख अवघड नाही. वीज, मग एसएमपीएस, मग रॅम, मग डिस्क, मग विंडोज, याच क्रमानं जायचं. एसएमपीएस बोर्डापासून सोडवून प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरायला हवा. तो फिरला म्हणजे एसएमपीएस पूर्ण ठीक असं नाही, 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 च्या दरम्यान आहे का हे मल्टिमीटरनं पाहावं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर2032 सेल बदलावा. मल्टिमीटर धरता येणारा इलेक्ट्रिशियन या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात आहे. त्याला केबिनमध्ये कुणी बोलावत नाही, एवढंच.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट थांबली, आणि धडधाकट डेस्कटॉप भंगारात काढण्याची नवी लाट येते आहे. अशा वेळी कारखानदारांना माझी विनंती साधी आहे. प्रत्येक डेस्कटॉपला मशीन नंबर द्या, त्यालाही ब्रेकडाऊन स्लिप लावा, एक चांगला एसएमपीएस आणि एक रॅम स्टोअरमध्ये ठेवा, आणि ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडून त्यानं आधी काय काय बदलून पाहिलं हे लेखी घ्या. ते लिहून मिळाल्याशिवाय नव्या बोर्डाच्या बिलावर सही करू नका.