सीमेपलीकडचा प्रवास आणि पदरची शिदोरी

बोथला आगगाडी नाही. आमच्या गावाहून महाराष्ट्रात कोठेही जावयाचे म्हटले, की आधी एस. टी.ने आदिलाबाद नाहीतर किनवट गाठावे लागते आणि तेथून मुदखेडवरून नांदेडकडे जाणारी गाडी धरावी लागते. एकेकाळी मीटरगेज असलेला हा लोहमार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. तरीही बस व आगगाडी यांची वेळ जुळेल तो दिवस भाग्याचा. उरलेल्या दिवशी स्थानकावर तीन-चार तास बसून राहणे नशिबी येतेच. आणि खिसा हलका होतो तो बहुधा याच तासांत.

आमच्याकडे हा प्रवास हौसेचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आणि आमच्याच बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात गेले. बोथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आले. नकाशा बदलला, पण सोयरीक होती तेथेच राहिली. कोणाचे माहेर पलीकडे, कोणाची लेक पलीकडे दिलेली. त्यामुळे बारसे, लग्न, आजारपण, दहावा-तेरावा, प्रत्येक प्रसंगी पिशवी उचलून निघावेच लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या आत्याबाई नांदेडच्या एका रुग्णालयात सव्वा महिना होत्या. आम्ही पाळीपाळीने जात असू. पहिल्या पंधरवड्याचा हिशेब मांडला, तेव्हा ध्यानात आले की तिकिटांहून अधिक पैसे चहा-फराळ आणि पाण्याच्या बाटल्या यांवर गेले होते. त्यातच वाटेवरच्या एका उपाहारगृहातील आंबलेली खोबऱ्याची चटणी खाऊन धाकट्या मुलाला उलट्या-जुलाब झाले. पुढच्या खेपेस कोणी जावे आणि कोणत्या पैशाने, यावर घरात शब्दाला शब्द लागला, आणि एक आठवडा कोणीच गेले नाही. आत्याबाई दाराकडे डोळे लावून होत्या, असे मागून कळले. तो आठवडा आमच्या मनाला लागून राहिला. त्यानंतर आम्ही जी शिस्त लावून घेतली, तीच येथे सांगत आहो.

तिकिटाचा विचार. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील रहिवासी स्त्रियांना पल्लेवेलुगू व एक्सप्रेस बसमध्ये विनामूल्य प्रवास करता येतो; तो राज्याच्या हद्दीपर्यंतच. महाराष्ट्राच्या एस. टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट पडते. तेही त्या राज्याच्या हद्दीपुरते. म्हणून ओळखपत्र पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे आणि बसताच वाहकास सवलतीविषयी विचारावे. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. वडीलधाऱ्यांना अजून ती आठवते, म्हणून पैसे मोजून देतानाच त्यांना हे सांगावे. निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर गाडीची वेळ विचारली, तर स्थानकावरचा एखादा तास सहज वाचतो.

शिदोरी. आमच्या आजीचा नियम असा, की पहिल्या दिवसाचे जेवण घरचेच असावे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा एवढे पुरेसे होते. आमच्या तेलुगू शेजारणी चिंचेचा पुळिहोरा बांधून देतात, तोही दिवसभर चांगला राहतो. कारण चिंच आणि तेल त्याला राखतात. साधा भात मात्र गरम असताना डब्यात कोंडू नये, तो लवकर आंबतो. पोळ्याही पूर्ण निवल्यावरच बांधाव्यात. ओले खोबरे, चिरलेला कांदा आणि रस्साभाजी प्रवासात नको. सातूचे पीठ व किसलेला गूळ एका डबीत ठेवावा. पाणी मिळाले की पाच मिनिटांत न्याहारी होते.

चीनमध्ये रेल्वे स्थानकांवर आणि गाड्यांतही उकळत्या पाण्याचे नळ असतात. तेथील साधा प्रवासी झाकणाचा पेला, चहाची पत्ती आणि कोरड्या शेवयांचा डबा घेऊन निघतो व नळावर आपले जेवण तयार करून घेतो. आपल्याकडे तसे नळ नाहीत. परंतु घरून गरम पाण्याचा थर्मास नेला, तर आपले सातू आणि भाजलेल्या रव्याचा कोरडा उपमा हेच काम करतात. बाळंतीण किंवा लहान मूल बरोबर असेल, तर थर्मास अवश्य घ्यावा.

विकतचे खाणे. विकत घ्यावेच लागले, तर डोळ्यांसमोर कढईतून निघणारे वा वाफेवरून उतरणारे घ्यावे. गरम इडली चांगली, पण तिच्याबरोबरची चटणी सकाळची असेल तर सोडून द्यावी. चिरून ठेवलेल्या फळांपेक्षा केळी बरी. महामार्गावर बस जेथे थांबते, तेथे चालक-वाहक जेवतात म्हणून ते ठिकाण उत्तम, असे समजू नये. त्यांना तेथे बहुधा पैसे द्यावे लागत नाहीत. हमाल आणि रिक्षावाले स्वतःच्या पैशाने जेथे खातात, ती जागा पाहावी. भाव आधी विचारावा, खाणे मागून मागवावे.

काही रेल्वे स्थानकांवर २०२३ पासून सर्वसाधारण डब्यांजवळ २० रुपयांत सात पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचे मिळू लागले आहे. सर्वत्र ते मिळेल असे नाही, पण फलक दिसला तर चुकवू नये. ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली आहे. कोणी अधिक मागितले, तर बाटलीवरील छापील किंमत दाखवावी. घरचे उकळलेले पाणी दोन बाटल्या भरून नेले, तर तोही खर्च वाचतो.

पोट बिघडलेच, तर उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. साखर-मिठाची ही पुडी आम्ही आता शिदोरीतच बांधतो.

रात्र काढावी लागली तर. मोठ्या स्थानकांवर प्रतीक्षालय असते. तिकीट जपून ठेवावे, ते विचारले जाते. सामान अमानत घरात ठेवावयाचे असेल, तर पेटीला कुलूप हवे. नांदेडात उतरणाऱ्यास आणखी एक मोठा आधार आहे. तेथील सचखंड गुरुद्वाराच्या लंगरात जात, धर्म, प्रांत न विचारता सर्वांना जेवण मिळते. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत, पंगतीत बसावे आणि ताटात घेतलेले टाकू नये. जमल्यास घटकाभर भांडी घासण्याच्या सेवेत हात लावावा. आम्ही तो लावला आहे, आणि त्या दिवशी फुकट जेवल्याचा संकोच वाटला नाही.

या शिस्तीने पुढच्या खेपांचा खर्च निम्म्यावर आला आणि घरातला वाद थांबला. शेवटच्या दिवसांत आत्याबाईंच्या उशाशी रोज आमच्यापैकी कोणीतरी होते. आम्ही डबा उघडला, की त्या दशमीचा चतकोर मागून घेत आणि म्हणत, “बोथच्या चुलीचा वास येतो गं हिला.” डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

त्या बऱ्या होऊन घरी परतल्या. आता त्याच आम्हांस निघताना विचारतात, “पुडी घेतली का?”