मरहूमच्या नावावरचे घर

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे मोहल्ल्यात कुणाकडे सरकारी कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेची नोटीस, बँकेचे पत्र. मी वकील नाही, फक्त वाचून दाखवते. पण वीस वर्षे दुसऱ्यांचे कागद वाचता वाचता एवढे ध्यानात आले आहे, की घर घेताना किमतीवर महिनाभर घासाघीस करणारी आपली माणसे कागदासाठी अर्धा तास काढत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या खालाची मुलगी अशीच फाइल घेऊन आली. तिचे मियाँ वारून आठ महिने झाले होते. मागे ती, सासू, एक मुलगा आणि दोन मुली. तिन्ही मुले अठराच्या आतली. सासरे आधीच वारलेले. सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट मियाँच्या नावावर होता. तो विकून माहेरजवळ लहान घर घ्यायचे तिने ठरवले होते. गिऱ्हाईक मिळाले, पन्नास हजारांचा इसार घेतला, आणि गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली.

“बाजी, नॉमिनी तो मैं हूँ ना?” हा तिचा पहिला प्रश्न.

होती ना. पण सभासद वारल्यावर सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढेच नॉमिनीच्या नावाने ठरते. घर वारसांचेच राहते. आणि आपले वारस कोण, कुणाचा वाटा किती, हे १९३७ च्या शरीयत कायद्यानुसार ठरते. हे आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांनाही माहीत नसते. मयताच्या डोळे मिटण्याबरोबर प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या हिश्श्याचा मालक होतो. एकत्र कुटुंबाची मिळकत आणि तिचा कर्ता हा प्रकार आपल्या कायद्यात नाही. म्हणून मोठ्या भावाने सर्वांच्या वतीने सही केली, तरी विकला जातो तो फक्त त्याचाच वाटा.

आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. आधी दफनाचा खर्च आणि कर्जे वजा होतात. मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच, ते वाटणीच्या आधी बायकोला मिळते. उरलेल्या मिळकतीचे ९६ भाग धरले. मुले असल्यामुळे बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे १२. आईला सहावा, म्हणजे १६. राहिलेल्या ६८ मध्ये मुलाचे ३४ आणि दोन मुलींचे प्रत्येकी १७. जे घर ती आपले समजत होती त्यात तिचे शंभरात साडेबारा होते, आणि सासूचे तिच्यापेक्षा जास्त. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली.

खरी अडचण मात्र पुढेच होती. मुलांच्या ६८ भागांसाठी सही कोण करणार? ती म्हणाली, “मी आई आहे.” मुलांना सांभाळण्याचा हक्क आईचा आहे, पण त्यांच्या स्थावर मिळकतीची कायदेशीर पालक ती आपोआप होत नाही. तो अधिकार बापाचा, त्याने वसीयतीने नेमलेल्या माणसाचा, नंतर आजोबांचा आणि आजोबांनी नेमलेल्याचा. चुलत्याला किंवा मामालाही तो नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबांदी खटल्यात आईने केलेली अशी विक्री मुलांवर बंधनकारक नाही असे ठरवले, आणि तो निकाल आजही चालतो. म्हणजे गिऱ्हाइकाने तिच्या सहीवर घर घेतले असते, तर मुले मोठी झाल्यावर दावा लावून आपला वाटा मागू शकली असती. बँकेच्या वकिलाचा तिला राग आला होता. मला तो माणूस नेकच वाटला.

मार्ग एकच होता. पालक आणि पाल्य कायदा, १८९० खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून स्वतःला मुलांच्या मिळकतीचे पालक नेमून घ्यायचे आणि विक्रीची परवानगी मागायची. गरज असेल किंवा मुलांचा उघड फायदा असेल तरच कोर्ट ती देते. शाळेची फी, भाड्याच्या पावत्या, नव्या घराची किंमत, सगळे जोडावे लागले. या कामात अकरा महिने गेले. गिऱ्हाईक थांबले नाही, इसार परत द्यावा लागला, आणि त्यातले तीस हजार तिने तोवर खर्च केले होते. ते कुठून उभे केले ते लिहीत नाही.

घर घेणाऱ्यांनीही यातून घ्यायचे ते घ्यावे. मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांची नावे लेखी मागा. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, मयताची आई, लहान मुले, सगळी. “बहिणींनी माफ केले आहे” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता हसूही येत नाही. बापाच्या हयातीत मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीला आपल्या कायद्यात सहसा किंमत नाही, कारण जो हक्क अजून मिळालाच नाही तो सोडता येत नाही. बापाच्या मागे बहिणीने राजीखुशीने, नोंदणी केलेल्या दस्ताने हक्क सोडला तर तो सुटला. वसीयतही कर्ज व दफनखर्च जाऊन उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते, आणि एखाद्या वारसालाच करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

हिबाचे वेगळे आहे. देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने कबूल केले आणि ताबा दिला, तर तोंडी हिबाही पुरा होतो. हिबा कागदावर लिहिला म्हणून त्याची नोंदणी केलीच पाहिजे असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हाफिजा बीबी खटल्यात म्हटले. तरी मी सर्वांना नोंदणीच करायला सांगते. देणारा वारला आणि साक्षीदार पांगले की ताबा कुणी कुणाला दिला होता हे कोर्टात सिद्ध करताना उमर निघून जाते.

आता नोटरीबद्दल. आमच्या भागात गुंठेवारीतली घरे शंभराच्या स्टँपवर, नोटरीचा शिक्का मारून हातोहात फिरली आहेत. विकणारा दीनदार, साक्षीदार मशिदीतले, पैसे पूर्ण दिलेले. पण शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १८८२ पासून लिहिलेले आहे. नोटरीचा शिक्का सही कुणी केली ते सांगतो, मालकी देत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या ‘विक्री’चेही तेच, त्यावर २०११ चा सूरज लॅम्पचा निकाल आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे हजर करायचा असतो. देणेघेणे लिहून ठेवा, साक्षी घ्या, हे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आले आहे, आणि ती कुरआनातली सर्वात मोठी आयत आहे. रोज तिलावत करणाऱ्या घरातही नोटरीचा कागद गादीखाली जपलेला मी पाहिला आहे.

खरेदीआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. सूची दोन, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यांत कुठेही बँकेचा बोजा, इनाम, वक्फ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे काही दिसले तर तिथेच थांबून वकिलाला विचारा. नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक घ्या. करार नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे बदलते. राहते घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर त्यात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांवर नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घराच्या व्यवहारात घेऊ नका. आयकर खात्याला ते चालत नाही, आणि उद्या भांडण झाले तर रोखीचा पुरावाही राहत नाही.

बहिणीचे घर शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेले. मधल्या काळात थोरली मुलगी अठराची झाली होती, म्हणून तिने स्वतःची सही स्वतः केली. धाकट्या दोघांचे पैसे कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे बँकेत मुदत ठेवीत गेले. सासूने आपले १६ भाग पुरते घेतले. बहिणीला त्याचे वाईट वाटले, मला वाटले नाही. मुलगा गेलेल्या म्हातारीला औषधपाणी कोण विचारणार होते?

निबंधकाच्या कचेरीत साहेबांनी रीतीप्रमाणे म्हातारीला विचारले, दस्त तुम्हाला समजला का, अंगठा राजीखुशीने देता का. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “टीचर, पहले पूरा पढ़ के सुनाओ.” मागे रांग होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.