स्ट्रॉबेरीचं वर्ष

महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर थंडी सुरू झाली की लाल फळांच्या पाट्या मांडल्या जातात. फळ सगळ्यांच्या ओळखीचं, पण रोप निरखून पाहणारे थोडेच. स्ट्रॉबेरी ही गुलाबाच्या कुळातली, जेमतेम वीतभर वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. एका देठावर तीन पर्णिका, पाच पांढऱ्या पाकळ्यांचं फूल आणि जमिनीलगत आखूड, जाडसर खोड. या खोडाला ‘क्राऊन’ म्हणतात. पानं, फुलं, मुळं सगळं त्यातूनच निघतं.

मूळ कुठलं?

आजची बागायती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात जन्मली. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली एक जंगली जात तिथे आधीच पोचली होती. १७१४ साली फ्रेंच लष्करी अभियंता फ्रेझिए याने चिलीहून मोठ्या फळांची रोपं आणली. ती मादी असल्याने एकटी फळेनात. अमेरिकन जात शेजारी आली तेव्हा फळली, आणि दोघींचा संकर झाला. १७६६ मध्ये द्युशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हा संकर ओळखला. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी ब्रिटिशांच्या काळात आली. २०१० साली तिथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं.

खरं फळ कोणतं?

आपण खातो तो लाल गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन. त्यावरचे बारीक दाणे ही खरी फळं, आणि प्रत्येकात एक बी. परागीभवन झालेला दाणा ऑक्सिन हे संप्रेरक सोडतो आणि त्याच्याभोवतीचा गर फुगतो. जिथे दाणा रिकामा राहतो तिथे गर खुरटतो. म्हणून वेडंवाकडं फळ दिसलं की अपुऱ्या परागीभवनाची शंका आधी घ्यावी. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारून मधमाश्या घालवणं हे स्वतःच्याच मालाचं नुकसान आहे.

पावसात रोपं, थंडीत फुलं

या पिकाचं वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर आणि हवेच्या तापमानावर चालतं. दिवस मोठा आणि हवा उबदार असेल तर रोप जमिनीवर लांब धावते फेकतं. शेतकरी त्यांना ‘रनर’ म्हणतात. दिवस लहान झाला, रात्री गार पडू लागल्या की तेच रोप कळ्या धरतं. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याने या दोन्ही सवयी कामाला लावल्या आहेत. अमेरिका, इटलीसारख्या देशांतून आणलेली मातृरोपं पावसाळ्याच्या तोंडावर लावायची, त्यांचे रनर मातीच्या पिशव्यांत रुजवायचे, आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतात लावायचे. सुमारे १,३७० मीटर उंचीवरची थंडी पुढचं काम करते.

रोप बहुवर्षायू असलं तरी आपल्याकडे ते एकाच हंगामापुरतं ठेवतात. दुसऱ्या वर्षी फळं लहान होतात, विषाणू साठत जातात, आणि इथला मुसळधार पाऊस मुळं कुजवतो. दरवर्षी रोपांचा खर्च जड जातो, तरी नव्या रोपांचा हा आग्रह मला योग्य वाटतो.

लागवड

पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी लाल माती तिला मानवते. गादीवाफ्यावर ठिबकच्या नळ्या आणि वर मल्चिंग पेपर, त्याला भोकं पाडून रोपं. पेपरमुळे तण दबतं आणि फळ मातीला टेकत नाही. खरी कसोटी क्राऊनची: तो मातीत गाडला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. ढगाळ, दमट हवेत फळावर राखाडी बुरशी चढते. पानांवर भुरी येते, लाल कोळीही पडतो. सडकी फळं वेळीच काढून शेताबाहेर टाकणं हा यातला सर्वांत स्वस्त उपाय.

तोडणी

तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग गडद होतो, गोडी मात्र वाढत नाही. दूरच्या बाजारासाठी ती थोडी आधीच, सकाळच्या गारव्यात देठासकट तोडतात. घेताना आकाराला भुलू नये; देठापर्यंत लाल झालेलं, वास येणारं फळ निवडावं.

कुंडीत लावायची तर

पुणे-नाशिकच्या गच्चीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप लावावं. रुंद, तळाला भोकं असलेली कुंडी आणि किमान सहा तास ऊन हवं. येणारे रनर कापत राहावेत. मार्चचं ऊन तापलं की फळ लहान आणि मऊ पडू लागतं. तेव्हा कुंडी दुपारच्या सावलीत सरकवावी.