एकच फिल्टर, पण पारखून

तळ्याकाठी काढलेल्या फोटोत पाण्याखालचे गोटे दिसतच नाहीत, दिसते ती नुसती चकाकी. चकाकीने झाकलेले खरे दृश्य नंतर संगणकावर परत आणता येत नाही. म्हणूनच बाकीच्या फिल्टरांवरचा खर्च टाळला, तरी पोलरायझिंग फिल्टरवरचा वाया जात नाही.

तो महागडाच हवा असे मात्र नाही. ऑटोफोकस एसएलआरसाठी ‘सर्क्युलर’ प्रकार मागावा. लेन्सवर ५२, ५८, ६७ असा मिलिमीटरमधला व्यास लिहिलेला असतो. लेन्स दोन-तीन असतील, तर सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावावी. ही रिंग अगदी स्वस्त पडते. (मग लेन्सहूड बहुधा बसत नाही, एवढीच अडचण!)

पारख दुकानातच करावी. लेन्सवर बसणारी बाजू डोळ्याकडे धरून काउंटरच्या काचेकडे तिरके पाहावे आणि फिल्टर सावकाश फिरवावा. प्रतिबिंब मावळले पाहिजे. नंतर त्यातून पांढरा कागद पाहावा; पिवळट वा हिरवट झाक दिसली, तर कितीही स्वस्त असला तरी नको.

आकाश सर्वांत गडद निळे येते, ते सूर्य उजव्या वा डाव्या खांद्याकडे असताना. प्रकाश एक ते दोन स्टॉपने घटतो. तेव्हा सायंकाळी फिल्टर काढून ठेवलेला बरा.